वस्तूचं गाव कोणतं?

गेल्या मे महिन्यात आत्याला घेऊन रत्नागिरीचा थिबा राजवाडा पाहायला गेलो. आत्याचं वय ऐंशीच्या पुढे. शाळेची शेवटची काही वर्षं ती रत्नागिरीत मावशीकडे राहिली होती, पण राजवाड्याच्या आत तिचं पाऊल कधी पडलं नव्हतं. पुढे लग्न होऊन गिरगावात गेली आणि रत्नागिरी म्हणजे गावी जाताना वाटेत लागणारा एसटी स्टँड, एवढंच तिच्यासाठी उरलं. राजवाड्याच्या पायऱ्यांपाशी ती दम खायला थांबली, भिंतीवर हात टेकला आणि म्हणाली, “अरे, हा तर आपलाच चिरा.”

संगमेश्वर तालुक्यातलं तिच्या माहेरचं, म्हणजे आमचं घर आणि ब्रह्मदेशच्या राजाचा वाडा, दोन्ही जांभ्याचे. खाणीतून निघताना हा दगड मऊ असतो, तासावा तसा तासला जातो. वारा-ऊन लागलं की टणक होतो. कोकणातली घरं, गडगे, विहिरी, देवळं सगळी त्याच्यावर उभी. इंग्रजांनी १९१० साली थिबासाठी हा तीन मजली वाडा बांधून घेतला, तोही याच तांबड्या दगडाचा. वर उतरतं छप्पर, अर्धगोल लाकडी खिडक्या आणि पहिल्या मजल्यावर संगमरवरी फरशीचं नाचघर. बाहेर उन्हाने कातळ पेटलेला असताना आत गारवा होता. आत्या खिडकीशी बसून राहिली आणि मी दालनं फिरून आलो.

इथे आता राज्याच्या पुरातत्त्व खात्याचं प्रादेशिक वस्तुसंग्रहालय आहे. थिबाच्या काळातल्या थोड्या वस्तू, छायाचित्रं, दगडी मूर्ती. थोड्याच, कारण बाकीचं उरलं नाही. नोव्हेंबर १८८५मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि २६ वर्षांच्या थिबाला राणी सुपायालतसह बोटीत बसवलं. आधी मद्रास, मग एप्रिल १८८६मध्ये रत्नागिरी. रेल्वे नाही, पावसाळ्यात बंदर बंद, पाठीला सह्याद्री. राजाला जगाच्या नजरेआड ठेवायला ही जागा सोयीची होती. त्याआधी १८५८मध्ये याच इंग्रजांनी दिल्लीच्या बहादूरशहा जफरला रंगूनला नेलं होतं. दिल्लीच्या बादशहाला माती मिळाली ब्रह्मदेशात आणि ब्रह्मदेशच्या राजाला आमच्या रत्नागिरीत. थिबाजवळचे दागिने एकेक करून विकले गेले. ङा मौक नावाचं त्याचं प्रसिद्ध माणिक मंडालेच्या धावपळीत नाहीसं झालं होतं. ते परत मिळावं म्हणून त्याने सरकारकडे अर्ज केले. माणिक काही मिळालं नाही. तीस वर्षं तो रत्नागिरीत होता. त्यातली शेवटची सहा काय ती या वाड्यात गेली. डिसेंबर १९१६मध्ये तो वारला आणि १९१९मध्ये राणी मुलींना घेऊन ब्रह्मदेशी परतली.

थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीला आली. राजवाड्यावर दरवान असलेल्या गोपाळ सावंतांपासून तिला मुलगी झाली होती. तिचं नाव टूटू. ती इथेच मराठी बोलत वाढली, इथेच गरिबीत संसार केला आणि चालू शतकाच्या उंबरठ्यावर इथेच वारली. तिला पाहिलेली माणसं रत्नागिरीत अजून भेटतात. डिसेंबर २०१२मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन राजवाडा आणि राजाची समाधी पाहायला आले, तेव्हा आपल्या गावात काय आहे याची जाणीव पुष्कळ रत्नागिरीकरांना नव्याने झाली.

राजवाड्यातून निघालो ते थेट टिळक आळीत, लोकमान्यांच्या जन्मस्थानी. रिक्षाने दहा मिनिटांचा रस्ता. गंगाधरपंत टिळक शाळामास्तर होते आणि या लहानशा कौलारू घरात भाडेकरू म्हणून राहत. २३ जुलै १८५६ रोजी इथे बाळचा जन्म झाला. तो दहा वर्षांचा असताना वडिलांची पुण्याला बदली झाली. त्या आधीची सगळी वर्षं रत्नागिरीची. दरवर्षी शाळांच्या सहली इथे येतात, रांगेने आत जाऊन रांगेने बाहेर पडतात. मला त्या मुलांना एकच गोष्ट सांगावीशी वाटते. १९०८मध्ये शिक्षा होऊन टिळक मंडालेच्या तुरुंगात गेले. ‘गीतारहस्य’ त्यांनी तिथे १९१०-११च्या हिवाळ्यात लिहून काढलं. त्याच हिवाळ्यात मंडालेचा राजा इथे, टिळकांच्या जन्मगावी, नव्या वाड्यात राहायला आला होता. रत्नागिरीचा मुलगा मंडालेत कैदी आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत कैदी, दोघांना कैद करणारा एकच. एवढं ऐकून मग राजवाड्याच्या खिडकीतून समुद्र पाहिला की सहावीतल्या मुलालाही साम्राज्य म्हणजे काय ते कळेल. शिक्षकांनी दोन्ही जागा एकाच दिवशी दाखवाव्यात आणि ही सांगड मुलांना घालून द्यावी.

शहरात पाहण्यासारखं आणखी आहे. सावरकर १९२४ ते १९३७ इथे स्थानबद्ध होते. सर्व जातींना खुलं असलेलं पतितपावन मंदिर १९३१मध्ये उभं राहिलं ते भागोजीशेठ कीर यांच्या पैशाने. इथल्याच गरीब भंडारी घरात जन्मून मुंबईत बांधकामाच्या धंद्यात मोठे झालेले भागोजीशेठ सावरकरांइतकेच लोकांना माहीत असायला हवेत. १८२८पासून चालत आलेलं नगर वाचनालयही याच शहरात आहे. ज्यांना कागदांची आवड आहे त्यांनी ते चुकवू नये.

आत्याला मात्र मासे पाहायचे होते. झाडगावला कोकण कृषी विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. तिथलं मत्स्यालय आणि संग्रहालय हे रत्नागिरीतल्या बच्चेकंपनीचं लाडकं ठिकाण. देवमाशाच्या सांगाड्यापुढे मोठी माणसंसुद्धा गप्प होतात. बरण्यांत जपलेले मासे, शंख-शिंपले, प्रवाळ, टाक्यांतले जिवंत मासे, कासवं. आत्या प्रत्येक बरणीपुढे थांबून मासा ओळखत होती. ओळखला की त्याचं कालवण कसं करायचे तेही सांगत होती. मागे उभी असलेली मालवणची एक बाई हसत म्हणाली, “तुमच्याकडची सुरमई ती आमच्याकडे इसवण.” दोघींचं मग बराच वेळ जमलं. शास्त्रीय नाव जगभर एकच असतं आणि ते बरणीवर असायलाच हवं. पण बाजारातली नावं बंदरागणिक बदलतात, ती म्हाताऱ्या कोळणींच्या तोंडी आहेत आणि त्यांच्याबरोबर जातील. मिरकरवाड्याच्या बंदरावर बसून कोणी महिनाभर ही नावं टिपून घेतली, तर त्या वहीला या संग्रहालयात देवमाशाच्या शेजारी जागा मिळावी.

दुसऱ्या दिवशी आम्ही किनाऱ्याच्या रस्त्याने मालगुंडला गेलो. गणपतीपुळ्याला येणाऱ्या लाखो लोकांपैकी किती जण पुढे मालगुंडपर्यंत जातात, कोण जाणे. पुढे जावं. कृष्णाजी केशव दामले, म्हणजे केशवसुत, यांचं जन्मघर कोकण मराठी साहित्य परिषदेने जपलं आहे. ही परिषद १९९१मध्ये मधु मंगेश कर्णिकांच्या पुढाकाराने सुरू झाली आणि तिने हाती घेतलेलं पहिलं मोठं काम हे स्मारक. कवीचे वडील शाळामास्तर. टिळकांचे वडीलही शाळामास्तर. गेल्या शतकाआधीच्या कोकणात मास्तरांच्या भाड्याच्या घरांतून किती मराठी जन्माला आली, याचा कोणीतरी स्वतंत्र अभ्यास करावा. केशवसुतांचे भाऊ मोरो केशव दामले यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहिलं. आजही त्या ग्रंथाशिवाय व्याकरणाचं पान हलत नाही. एका घरातून कविता आली आणि व्याकरणही.

स्मारकाच्या बागेत केशवसुतांच्या कविता दगडांवर कोरून उभ्या केल्या आहेत. मुलं त्यांच्यामधून पळापळी करतात, मध्येच एखादं मूल थांबून अक्षरं लावत मोठ्याने वाचतं. बंद कपाटातल्या पुस्तकाच्या नशिबी असा वाचक क्वचितच येतो. हुबळीला १९०५मध्ये प्लेगने गेला तेव्हा हा कवी चाळिशीतही पोहोचला नव्हता, आणि आपल्या कवितांचं एकही पुस्तक त्याने हाती धरलं नव्हतं. त्याच्या गावच्या दगडांवर आता त्या उन्हापावसात उभ्या आहेत.

माझ्या या सगळ्या भटकंतीचं खरं कारण पुढच्या थांब्यावर हाती लागलं. गणपतीपुळ्याजवळ ‘प्राचीन कोकण’ नावाचं उघड्यावरचं संग्रहालय आहे. झाडीतून वाट जाते आणि वाटेच्या कडेला जुन्या कोकणी गावाचे देखावे लागतात. माणसाएवढे पुतळे, बारा बलुतेदार, वैद्य, खोत, आपापल्या कामाच्या हत्यारांसह. सोबत माहिती सांगणारी मुलगी असते. पुतळ्यांच्या संग्रहालयांविषयी अभ्यासकांना फारसं प्रेम नसतं. अस्सल वस्तू हवी, देखावा कशाला, हा त्यांचा आक्षेप मला कळतो. तरी त्या दिवशी मुंबई-पुण्याची पोरं ज्या कुतूहलाने प्रश्न विचारत होती, ते पाहून माझं मत या जागेच्या बाजूने पडलं. कुंभाराचं चाक म्हणजे काय, हे त्यांना पडद्यावर दाखवून चालत नाही.

तिथे धान्याची मापं मांडलेली पाहिली आणि आत्या थबकली. मला म्हणाली, “आपली अधोली कुठे आहे रे?”

मला ठाऊक नव्हतं. गावी पोहोचल्यावर संध्याकाळी मीच माळ्यावर चढलो. जुनी गादी, फुटका कंदील, पत्र्याची ट्रंक बाजूला केल्यावर कोपऱ्यात ती सापडली. लाकडाची, तोंडाला पितळी कडं, बुडाला वाळवीने खाल्लेला एक चंद्रकोरीएवढा तुकडा. आत्याने ती मांडीवर घेतली, पदराने पुसली आणि तिचे आकडे सुरू झाले. दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली, सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. मोजताना पहिलं माप ओतलं की ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. लाभ, दोन, तीन. तिचे आजोबा मोजायचे तेव्हा खळ्यात कोणी बोलायचं नाही, आकडा चुकला तर धान्य पुन्हा मोजावं लागे.

मग तिने कड्यावरून बोट फिरवलं. एका बाजूची कडा दुसऱ्या बाजूपेक्षा झिजलेली होती. “इथून हात फिरवायचे,” ती म्हणाली. माप भरून तळहाताने वरचं धान्य पाडलं की सपाट माप झालं. तसंच राहू देऊन वर धान्याचा डोंगर चढवला की त्याला शीग म्हणायचं. आपण शिगोशीग म्हणतो ते इथून आलेलं. “खोताकडे भात घालताना शीग लावायची. खोताकडून मजुरी घेताना माप सपाट.” हे सांगताना तिचा आवाज किंचितही चढला नाही. तिच्या दृष्टीने ते मापाचं वर्णन होतं. माझ्या दृष्टीने एका झिजलेल्या कड्यावर कोकणाचा दोनशे वर्षांचा जमिनीचा इतिहास होता.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. पुढच्या जानेवारीत हजारो शेतकरी मोर्चाने मुंबईत गेले. कायदा व्हायला १९४९ उजाडलं. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे याच रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. त्यांनी विधिमंडळात काय मांडलं ते पुस्तकांत छापलेलं आहे. पण ते ज्यासाठी मांडलं, ती शीग हाताने कशी लावत, हे आमच्या घरात एका माणसाला ठाऊक होतं आणि मी तिला पन्नास वर्षांत विचारलं नव्हतं. कोकणातल्या एखाद्या संग्रहालयात खोताच्या पगडीशेजारी कुळाच्या घरची अधोली, त्याची पावती आणि शिगेचा हा हिशेब एकत्र मांडलेला मला पाहायचा आहे. खोत आणि कूळ दोघांचीही नातवंडं आता कोकणातच पर्यटक म्हणून येतात. दोघांनाही तो पाहू द्यावा.

अधोली वाचली, घिरट वाचलं नाही. भात भरडायचं घिरट जात्यासारखंच, पण लाकडाचं आणि थोरलं. दोघी बायका समोरासमोर बसून ते फिरवायच्या. गिरण्या आल्या तसं ते पडवीत पडून राहिलं. घराच्या वाटण्या झाल्या त्या वर्षी जुन्या वस्तू घेणारा एक जण टेम्पो घेऊन आला. घिरट, दोन समया, तांब्याचा हंडा आणि झोपाळ्याच्या कड्या एकरकमी घेऊन गेला. पाच-सहा वर्षांनी महामार्गालगतच्या एका रिसॉर्टमध्ये चहा प्यायला थांबलो. टीपॉयच्या काचेखाली घिरट होतं. आमचंच असेल असं नाही, कोकणात हजारो होती. वेटरला विचारलं, हे काय आहे. तो म्हणाला, “जुनं आहे साहेब, अँटिक.” त्याचं काही चुकलं नाही. विकणाऱ्या आम्हीच त्या वस्तूचं नाव तिच्यासोबत दिलं नव्हतं, गाव दिलं नव्हतं, ते फिरवणाऱ्या बायकांची नावं दिली नव्हती.

मुंबई-पुण्याच्या बंगल्यांत आणि हॉटेलांत कोकणातली घरं अशी तुकड्या-तुकड्याने जात आहेत. कोरीव खांब, दरवाजे, देव्हारे, मापं, पाटे-वरवंटे. चाकरमान्यांची मागची पिढी संपली, घरं कुलूपबंद आहेत, छपरं बसत चालली आहेत. घर पडण्यापेक्षा वस्तू विकलेली बरी, हा हिशेब मी कोणाला चुकीचा म्हणणार नाही. पण वस्तू जाताना तिचं नाव-गाव मागे राहतं, नाव सांगणारी माणसं गेली की तेही बुडतं, आणि मग संग्रहालयाच्या हाती एखादवेळी वस्तू लागली तरी ‘लाकडी वस्तू, कोकण’ यापुढे पाटीवर लिहायला काही नसतं.

नाव न उरलेल्या वस्तूचं काय होतं, हे पाहायला उक्षीच्या सड्यावर जावं. कोकण रेल्वेच्या उक्षी स्टेशनाजवळचं हे गाव. सड्यावरच्या उघड्या कातळावर एक हत्ती कोरलेला आहे, जवळपास खऱ्या हत्तीएवढा. मी पोहोचलो तेव्हा सूर्य कलला होता. भर दुपारी हा हत्ती नीट दिसत नाही, कातळ सपाट आणि काळपट वाटतो. उन्हं तिरपी झाली की रेषांत सावली भरते आणि पाठ, सोंड, पाय हळूहळू उमटतात. रेषेच्या कडा बोटाला बोथट लागाव्यात इतक्या झिजल्या आहेत, तळाशी माती आणि वाळलं गवत. चित्रावर पाय देऊ नये म्हणून मी काठावरच उकिडवा बसलो होतो. ज्याने ही रेघ ओढली तो उभा होता की बसला होता, एकटा होता की सोबत कोणी होतं, काहीच कळायला मार्ग नाही.

रत्नागिरी जिल्ह्यात सत्तरहून अधिक ठिकाणी अशी दीड हजारांवर चित्रं नोंदली गेली आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गेली अनेक वर्षं सडे पायाखाली घालून, गुराख्यांना आणि शेतकऱ्यांना विचारत विचारत ती शोधली. गावच्या लोकांना ती माहीत होतीच, कोणी पांडवांची म्हणे, कोणी देवाची. राजापूर तालुक्यातल्या कशेळीला अठरा मीटर लांबीचा एक हत्ती आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची कितीतरी चित्रं. गेंड्यासारखे, आज कोकणात नसलेले प्राणीही या कातळांवर आढळतात. ही चित्रं दहा हजार वर्षांपेक्षा जुनी असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. २०२२मध्ये उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही रत्नागिरीतली सात ठिकाणं, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमाळ अशी नऊ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली.

उक्षीच्या हत्तीभोवती चिऱ्याचा गडगा आहे. तो घालायला गावकऱ्यांनी पुढाकार घेतला. युनेस्कोच्या आधी, कुठल्याही मोठ्या निधीची वाट न पाहता. सड्यावरचं सगळंच संकटात आहे. चिरेखाणी कातळ पोखरतात, रस्ते त्यावरून जातात, जमिनी विकल्या जातात. बारसूचा सडा तर २०२३मध्ये रिफायनरीच्या माती-परीक्षणावरून देशभर गाजला. एका बाजूला हत्तीची रेघ आणि दुसऱ्या बाजूला चिऱ्याची खाण, दगड तोच. गडग्याचे चिरेसुद्धा कुठल्यातरी खाणीतूनच आले असणार. त्या गावाने दगड आणि चित्र यांतला फरक ओळखला, म्हणून हत्ती आहे.

त्याच कशेळीत कनकादित्याचं मंदिर आहे, सूर्याचं. शिलाहार राजा दुसरा भोज याने शके १११३मध्ये, म्हणजे इसवी सन ११९१मध्ये दिलेला ताम्रपट या मंदिरात आठशे वर्षांहून अधिक काळ जपला गेला आहे. राज्यं बदलली, खोत आले आणि गेले, पण तांब्याचे ते पत्रे गावातून हलले नाहीत. त्याचं कारण मला एकच दिसतं: त्यावर देणाऱ्याचं नाव आहे, गावाचं नाव आहे, वर्ष आहे आणि कशासाठी दिलं ते आहे. हत्ती कोरणाऱ्याला लिपी नव्हती. शिलाहारांना होती. आपल्यालाही आहे.

परतताना चिपळूणला उतरलो. १८६४मध्ये सुरू झालेलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, चिपळूणकरांचं ‘लोटिस्मा’. वाचनालयाने कोकणातल्या जुन्या वस्तूंचं संग्रहालयही उभं केलं आहे, लोकांनी घराघरांतून दिलेल्या वस्तूंचं. चिपळूणला वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी शिरतं ते काही आजचं नाही. पण २००५चा जुलै आणि त्याहून भयंकर २०२१चा जुलै या शहराने कसा सोसला, ते तिथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. २२ जुलै २०२१च्या महापुरात वाचनालयात पाणी घुसलं आणि हजारो पुस्तकांचा लगदा झाला. चिपळूणकरांनी चिखल उपसून ग्रंथालय पुन्हा उभं केलं, महाराष्ट्रभरातून लोकांनी पुस्तकं पाठवली. गावाला आपलं संग्रहालय हवं आहे की नाही, हे महापुरानंतर कळतं. चिपळूणला हवं होतं.

अशा गावांतल्या संस्थांना सरकारने काय द्यावं, यावर भाषणं पुष्कळ झाली आहेत. मी दोनच गोष्टी मागेन. वस्तूंची नोंद ठेवायला शिकलेला एक माणूस आणि पुराच्या रेषेच्या वर एक कोरडी खोली. इमारतीच्या कमानीपेक्षा हे खूप स्वस्त आहे.

आणि वाचकांकडे एक मागणं आहे. ते मी आत्याच्या साक्षीने मागतो, कारण ते आधी आम्ही घरी केलं आहे. दिवाळीत गावी जाल तेव्हा माळ्यावर चढा. जे सापडेल ते खाली आणून घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या हाती द्या आणि त्यांना बोलू द्या, मध्ये थांबवू नका, मोबाइलवर आवाज टिपून घ्या. मग एक चिठ्ठी लिहा: वस्तूचं गावातलं नाव, गाव-वाडी, कोणी वापरली, कशी वापरली, साधारण कधीपर्यंत. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, शाई दमट हवेत फुटते. ती सुती दोऱ्याने वस्तूला बांधा. वस्तू ठेवायची असेल तर ठेवा, विकायची असेल तर विका, पण चिठ्ठीसकट विका. आणि द्यायची असेल तर जवळच्या वाचनालयाला नाहीतर संग्रहालयाला द्या, आणि दिल्याची पावती मागून घ्या.

आमच्या अधोलीची चिठ्ठी आत्याने तिच्या हाताने लिहिली. त्यात शीगही आहे आणि सपाटही. तुमच्याकडच्या वस्तूची चिठ्ठी या दिवाळीत लिहाच.